दिवेलागणीनंतरचं टेम्पोभाडं

हिशोब हा धंद्याचा आत्मा आहे, आणि ज्याचा आत्मा शुद्ध त्याच्या धंद्याला मरण नाही.

हे वाक्य मी बीदरमध्ये व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात ऐकलं. बोलणाऱ्या गृहस्थांचा आवाज भरदार होता, अंगावर नुकतीच घातलेली शाल होती आणि वाक्य संपल्यावर टाळ्यांसाठी किती थांबायचं याचा त्यांना सराव होता. त्यांचं स्वतःचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं होतं. असल्या मेळाव्यांना यायला त्यांना वेळ मिळत असे तो त्यामुळंच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझे थोरले चुलतभाऊ बसले होते. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, मीही म्हणतो; त्यांची मुलगी तेवढी अप्पा म्हणते. मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला त्यांचं दुकान आहे: बोअरला लागणारे पाइप, मोटारीची केबल, नळ, जोड, पाण्याच्या टाक्या. भाषण त्यांनी मान खाली घालून ऐकलं, कीर्तन ऐकतात तसं. बाहेर चहाच्या गाडीवर मला म्हणाले, "आत्म्याचं ऐकलास का?"

"ऐकलं."

"आपला शुद्ध हाय. तरी एकदा येऊन बघून जा. बँकेला कागद द्यायचेत."

कागद कशासाठी द्यायचे होते ते मला माहीत होतं, कारण घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. अण्णांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, बी.कॉम. झाल्यापासून बापाच्या दुकानात बसत होती. तिला स्वतःचं दुकान हवं होतं आणि तिनं त्यासाठी बीदरला नौबादमध्ये एक गाळा बघून ठेवला होता. तिकडं नवीन प्लॉट पडत होते, घरं उठत होती, प्रत्येक घराला नळ लागणार हे उघड होतं. गाळ्यात कुठं कुठली फळी येणार याचा नकाशा तिनं काढला होता. बोर्डावर फक्त दुकानाचं नाव असेल, अण्णांचा हात जोडलेला फोटो नसेल, हेही तिनं बापाकडून कबूल करून घेतलं होतं. माझ्या मते नकाशापेक्षा ते काम अवघड होतं.

अनामत रक्कम जड होती. मालासाठी बँक कर्ज देणार, आणि बाकीसाठी रस्त्याकडेचं दोन एकर रान विकायचं, असं ठरलं होतं. त्या रानात घरापुरती ज्वारी होई आणि वहिनींच्या म्हशींचा चारा. गिऱ्हाईक मिळालं होतं. पुढच्या सोमवारी ते इसार घेऊन येणार होतं.

मला बोलावण्याचं कारण असं की मी आयुष्यभर सरकारी कचेरीच्या लेखा विभागात काढलं. तिथं हिशोब जुळणं आणि हिशोब खरा असणं या दोन निराळ्या टेबलांवरच्या गोष्टी होत्या. माझं टेबल पहिलं होतं.

शनिवारी सकाळच्या बसनं मी मन्नाएखेळ्ळीला गेलो. अण्णांच्या दुकानावरचा बोर्ड कन्नडमध्ये आहे, रोजमेळ मराठीत, हैदराबादच्या ठोक व्यापाऱ्याची बिलं इंग्रजीत, आणि भावाची घासाघीस दखनीत चालते. देवाच्या फोटोखाली लाकडी गल्ला. गल्ल्याच्या झाकणावर हळदीकुंकवाचा इतका थर की मूळ लाकूड कुठलं ते आता सांगता येणार नाही.

मी स्टुलावर बसतो न बसतो तोच दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आलं. ओळखीचा शेतकरी होता. त्याला दोन जोड आणि एक व्हॉल्व्ह हवा होता, उधारीवर.

"बोनी झाली न्हाई अजून," अण्णा म्हणाले. "पयलंच गिऱ्हाईक उधारीचं कसं करू?"

"मग थांबू का?"

"थांबून कामून? हे घे." अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून दहाची नोट काढून त्याला दिली. "आता मला दे."

त्यानं दिली. अण्णांनी ती डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकली, पुतणीनं रोजमेळात दहा रुपये विक्री लिहिली आणि उधारीच्या पानावर व्हॉल्व्ह आणि जोडांची पूर्ण किंमत लिहिली. शेतकरी माल घेऊन निघाला. जाताना मला म्हणाला, "आमच्यामुळं दुकानाला दहा रुपयं कमाई झाली बगा, साहेब. च्या तरी पाजा म्हणावं."

मी पुतणीकडं पाहिलं.

"रोजच असतंय काका," ती म्हणाली. "दहा रुपयांनी काय व्हतंय?"

खरं आहे. दहा रुपयांनी काही होत नाही. लहान धंद्यातल्या बहुतेक चुका अशाच असतात. एकेकटीकडं बघितलं तर तिच्यावर रागावणं हलकटपणाचं वाटतं.

दुपारपर्यंत आम्ही दोघं रोजमेळ तपासत बसलो. तो उत्तम ठेवला होता. पुतणीचं अक्षर सुबक, बेरजा बरोबर, रोजची शिल्लक गल्ल्यातल्या रोकडीशी जुळणारी. नफाही चांगला दिसत होता. इतका चांगला, की पाइप-नळांच्या दुकानात पंचवीस वर्षं बसलेल्या माणसाच्या घराला अजून पुढच्या बाजूनं गिलावा का नाही, हा प्रश्न मला पडला. बीदरचे कर-सल्लागार हेच आकडे घेऊन विवरणपत्र भरत होते आणि दरवर्षी दिवाळीला अण्णांना मिठाईचा डबा पाठवत होते.

कचेरीतल्या सवयीनं मी आकडे सोडून जे आकडे नाहीत ते शोधायला लागलो. दुकानाचं वीजबिल होतं. भाडं नव्हतं, कारण जागा घरची. चहा होता, हार-फुलं होती, दारावर येणाऱ्या वर्गण्या होत्या. टेम्पोभाडं वर्षभरात चारदाच लिहिलेलं होतं.

"माल हैदराबादहून येतो ना?"

"व्हय की. आठवड्याला एक टेम्पो, कधी दोन."

"मग भाडं?"

पुतणीनं पान उलटलं, परत उलटलं. "टेम्पो संध्याकाळी येतोय काका. दिवे लागल्यावर."

इथं परक्यासाठी थोडं सांगायला हवं. दिवेलागण झाली की अण्णांच्या गल्ल्यातून पैसा बाहेर जात नाही. आत येऊ शकतो. लक्ष्मी घरात येण्याची ती वेळ, आणि ती येत असताना तिला दारातून बाहेर कसं काढायचं? हा नियम आमच्याकडं बऱ्याच दुकानांत आहे आणि मी त्याची थट्टा करत नाही. मी ज्या कचेरीत होतो तिथं मार्चअखेरीस पैसा बाहेर काढण्यासाठी यापेक्षा विचित्र नियम होते. पण अण्णांचा नियम एकटा नव्हता. सकाळी बोनी व्हायच्या आधीही पैसा बाहेर जात नसे. शुक्रवार हा लक्ष्मीचाच वार, त्या दिवशी दिवसभर नाही. अमावास्येला नाही. फोनवरून पैसे पाठवायची सोय आली तेव्हा फोनमध्ये लक्ष्मी असते की नाही यावर घरात चर्चा झाली आणि अण्णांनी निकाल दिला, की येणाऱ्या पैशात असते, म्हणून जाणाऱ्यालाही नियम लागू.

हैदराबादचा टेम्पो मात्र दुपारी माल भरून निघतो आणि अंधार पडता पडता मन्नाएखेळ्ळीत उभा राहतो. त्याला तिथून पुढं जायचं असतं.

"मग त्याला पैसे कोण देतं?"

"आई देती."

वहिनी मागच्या घरात होत्या. दुकानाची मागची भिंत आणि स्वयंपाकघराची पुढची भिंत एकच. मी जाऊन विचारलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "डब्यातून देते की भावजी. दुधाचं येतेत ते असतेत. कधी रानाचं असतेत."

"किती जातात?"

"मी कुठं मोजलंय? टेम्पोवाला मागतंय तेवढं. हमालाला येगळं. दळणाच्या डब्यात असलं की देते, नसलं की शेजारून आणते."

"अण्णा परत देतात का?"

"सकाळी मागावं तर बोनी व्हायचीय म्हणतेत. बोनी झाल्यावर गिऱ्हाईक असतंय. मग मीच इसरते." भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "घरातलंच की ते. दुकान काय परक्याचं हाय?"

मी दुकानात परत आलो. पुतणी तोवर हैदराबादची वर्षाची बिलं काढून बसली होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं बिलं तारखेनुसार लावली, प्रत्येक बिलाला एक फेरी धरली, टेम्पोवाल्याला फोन करून मन्नाएखेळ्ळीचं भाडं विचारलं.

"कायकू पूछरें बेटी? बढारें क्या?" असा त्याचा आवाज मला फोनबाहेर ऐकू आला.

"बढारें नै चाचा. लिखरें."

"लिखने से क्या होता? दिए तो होता."

भाडं आणि हमाली मिळवून तिनं फेऱ्यांनी गुणलं. मग नफ्यातून वजा केलं. दुकानातून घरात गेलेल्या वस्तू तिलाच आठवल्या: गच्चीवरची टाकी, मामाच्या बोअरचे पाइप, तिच्याच आत्याच्या लग्नघरी लावलेले नळ. त्यांची विक्री कधी लिहिलीच नव्हती, त्यामुळं वहीत तो माल अजून दुकानात शिल्लक दिसत होता. फोनवर येणारे पैसे अण्णांच्या घरच्या खात्यात जमा होत आणि तिथून घराच्या विम्याचा हप्ता जाई. ते निराळं करायला तिला जास्त वेळ लागला. सगळं वजा झाल्यावर जे उरलं ते तोट्यात नव्हतं. एका माणसाचा पगार सुटेल इतकं होतं. नौबादच्या गाळ्याचं भाडं त्यातून गेलं असतं, पण मग पगार सुटला नसता, कर्जाचा हप्ता तर नाहीच.

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"काका, ह्यो आकडा बँकेला द्यायचा का?"

"बँकेला पहिला आकडा आवडेल," मी म्हणालो. "त्यांना जुळलं की पुरे असतं."

"आन कर्ज मिळंल."

"मिळेल."

"आन रान जाईल."

मी वही पुढं ओढली. तिचा नकाशा त्याच वहीत मागं घडी घालून ठेवला होता. बँकेचा अर्ज भरलेला होता, फक्त नफ्याचा रकाना मोकळा होता. मी कचेरीत असतो तर काय भरलं असतं हे मला माहीत आहे, पण तिनं ते विचारलं नाही.

अण्णा जेवून आले तेव्हा तिनं त्यांच्यासमोर कागद ठेवला. अण्णांनी चष्मा लावून वाचला. चष्मा काढला.

"हे टेम्पोचं कामून धरलीस? ते घरातून गेलंय. गल्ल्यातून एक रुपया न्हाई गेला."

"गल्ल्यातून न्हाई गेला, अप्पा. पर गेला."

"घरातलं घराला लागलं. त्यात खर्च कुठं आला? आमच्या बापानं असंच केलं, त्यांच्या बापानं—"

"त्यांच्या बापाचं दुकान कुठं व्हतं?" ती म्हणाली. "रान व्हतं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मेळाव्यातल्या भाषणानंतर माझ्याकडून त्यांची काहीतरी गंभीर अपेक्षा असावी. मी म्हणालो की वजाबाकी बरोबर आहे.

"तू तर साहेब माणूस," अण्णा म्हणाले. "तुला वजाबाकीच दिसंल."

तेवढ्यात एक बाई नळाची चकती मागायला आली. अण्णांनी ती काढून दिली, सुटे पैसे मोजून घेतले, बाईला तिच्या जावयाची तब्येत विचारली. इतक्या वेळात त्यांचा राग नेहमी उतरतो, पण या वेळी ती गेल्यावरही ते गल्ल्याच्या झाकणावर बोटं वाजवत राहिले.

"पोरी, तुझंच दुकान करायलोय मी. तूच नगं म्हणायलीस व्हय?"

"नगं न्हाई म्हणत."

"मग?"

"अप्पा, नौबादच्या गाळ्यामागं सैपाकघर न्हाई," ती म्हणाली. "तिथं टेम्पो आला तर मी आई कुठून आणू?"

मागच्या भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. मग परत सुरू झाला.

अण्णा उठले. त्यांनी दिनदर्शिका खिळ्यावरून काढली, पान उलटलं आणि रानाच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. त्याला सांगितलं, की सोमवारचा दिवस बरोबर दिसत नाही, पुढं बघू. पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं असावं. "न्हाई, न्हाई, किमतीचं काही न्हाई," अण्णा म्हणाले. "दिवसच बरोबर न्हाई." मी नंतर ती दिनदर्शिका पाहिली. सोमवारी शुभ दिवस छापलेला होता.

पुतणीनं मोकळ्या रकान्याचा अर्ज घडी घालून नकाशाशेजारी ठेवला. चार वाजता मला बसस्टॉपवर सोडायला आली तेव्हा नौबादचं नाव तिनं काढलं नाही.

पुढं तिनं जे केलं ते कुठल्याही मेळाव्यात सांगण्यासारखं नाही. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला. रोज दुपारी, बोनीनंतर आणि दिवे लागायच्या कितीतरी आधी, ती गल्ल्यातून ठरावीक रक्कम काढून त्या डब्यात टाकते आणि रोजमेळात 'डब्यात दिले' असं लिहिते. गुरुवारी दोन दिवसांची टाकते. संध्याकाळी टेम्पो आला की भाडं डब्यातून जातं आणि डब्याच्या चिठ्ठीवर लिहिलं जातं. अण्णांना हे पटवायला आठवडा लागला. डबा देवाखाली ठेवायचा नाही, त्याला हळदीकुंकू लावायचं नाही, या अटीवर त्यांनी मान्य केलं. गल्ल्यात लक्ष्मी असते. डब्यात फक्त पैसे असतात. माझ्या वाचनात हिशोबशास्त्राची जी जाडजूड पुस्तकं आली त्यांत किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी ठेवण्यावर एक प्रकरण असे. हा भेद मात्र त्यांत कुठं इतका स्पष्ट केलेला आढळला नाही.

बोनीचे दहा रुपयेही आता डब्यातून जातात आणि गल्ल्यात येतात, म्हणजे निदान दोन्हीकडं लिहिले जातात. घरात काही वस्तू गेली तर ती अण्णांच्या नावावर उधार पडते. पहिल्यांदा आपलं नाव उधारीच्या पानावर बघून अण्णा म्हणाले, "आता मलाच तगादा लावणार का?" पुतणी म्हणाली, "लावू की. शुक्रवार सोडून." फोनचे पैसे दुकानाच्या निराळ्या खात्यात जाऊ लागले. कर-सल्लागारांना खरे आकडे गेले तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, की धंदा इतका का बसला. धंदा होता तेवढाच होता.

पहिले काही महिने वहिनींना चैन पडलं नाही. संध्याकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला की हात दळणाच्या डब्याकडं जाई. त्यात आता पैसे साठायला लागले होते. ते कुठं ठेवायचे हा नवा प्रश्न त्यांनी माझ्यापुढं मांडला. मी बँकेचं नाव घेतल्यावर त्यांनी विषय बदलला. पुढच्या वेळी गेलो तर घराला पुढच्या बाजूनं गिलावा झाला होता.

रान राहिलं. त्या वर्षी त्यात ज्वारीच पेरली.

नौबादचा गाळा दुसऱ्यानं घेतला. संगणकावर हिशोब शिकवणारा क्लास होता. उद्घाटनाला मंडप होता, फीत होती, आणि लहान व्यापाऱ्यांच्या सामान्य चुका या विषयावर भाषण होतं. माझं बीदरचं घर तिथून जवळ, म्हणून मी गेलो. पेढा चांगला होता. वर्ष भरायच्या आत क्लास बंद पडला.

गाळामालकानं पुतणीला फोन केला, अजून पाहिजे का म्हणून. तोवर तिच्याजवळ वर्षाचे खरे आकडे होते आणि ते फार नसले तरी वाढत होते. अनामत निम्मी कराल तर घेते, रान न विकता तेवढंच जमतंय, असं तिनं सांगितलं. मालक तयार झाला. ती नवीन नकाशा घेऊन आली, आम्ही दोघं गाळा बघायला गेलो. शटरला क्लासवाल्याचं कुलूप होतं, आत त्याचे संगणक होते. भाडं किती महिन्यांचं थकलंय यावर त्याचा आणि मालकाचा वाद चालू होता, आणि तो अजून मिटलेला नाही, कारण दोघांपैकी कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.